पाने तीच, भाव निराळा

तैपेईच्या चहागृहांतील बिलाची रीत पाहून आपल्याकडचा व्यापारी क्षणभर थबकेल. तेथे पानांचे पैसे वेगळे आकारतात आणि पाण्याचे वेगळे. शहराच्या दक्षिणेला असलेल्या माओकोंगच्या डोंगरावर तर ही पद्धत सर्रास आढळते. मंडळींनी मिळून चहाचे एक पाकीट घ्यावे, पाण्याचा आकार माणशी द्यावा आणि मग दिवेलागणीपर्यंत बसावे. कोणी उठवीत नाही. पाकिटात उरलेली पाने बांधून घरी नेण्यासही हरकत नसते. पाण्याचा आकार हे वस्तुतः जागेचे आणि वेळेचे भाडे होय. ते चहाच्या किमतीत लपविण्याऐवजी उघडपणे मांडलेले असते.

पैसे असे पानांसाठी स्वतंत्रपणे मोजायचे म्हटले, की पुढचा प्रश्न आपोआप येतो. चहाच्या सर्व जाती मुळात एकाच झाडाच्या पानांपासून होतात. हिरवा, काळा, उलोंग, पु-अर हे भेद मुख्यतः पुढील प्रक्रियेचे. मग एका पाकिटाला दुसऱ्याच्या दसपट भाव का, आणि तो ठरवितो कोण?

या प्रश्नाचा विचार करण्यास तैपेईतील विस्टेरिया टी हाऊसइतकी योग्य जागा क्वचितच सापडेल. शिनशेंग साऊथ रोडच्या एका गल्लीच्या तोंडाशी, अंगणात विस्टेरियाच्या वेलींची सावली असलेले हे लाकडी घर 1920 च्या दशकात, तैवानवर जपानची राजवट असताना बांधले गेले. महायुद्धानंतर ते सरकारी निवासस्थान म्हणून सीमाशुल्क खात्याचे वरिष्ठ अधिकारी चोऊ द-वेई यांच्याकडे आले. हे गृहस्थ अर्थशास्त्री होते. लंडनमध्ये ते फ्रीडरिश हायेक यांचे विद्यार्थी होते आणि हायेक यांचा एक प्रमुख ग्रंथ त्यांनी चिनी भाषेत आणला. मार्शल लॉच्या कडक दिवसांत मोकळ्या विचारांचे प्राध्यापक त्यांच्या दिवाणखान्यात जमत. मुलगा चोऊ यू याने 1981 साली त्याच घरात चहागृह उघडले, तेव्हा बैठकींची ती परंपरा पुढे चालू राहिली. लेखक, चित्रकार आणि सरकारविरोधी चळवळीतील कार्यकर्ते येथे येऊन बसू लागले. मार्शल लॉ उठला तो 1987 मध्ये. घराची मालकी मात्र सरकारचीच होती. 1997 साली सरकारने घर परत मागितले, तेव्हा सांस्कृतिक क्षेत्रातील लोक त्याच्या बचावासाठी पुढे आले आणि महानगर प्रशासनाने त्याला ऐतिहासिक वास्तूचा दर्जा दिला. सीमाशुल्क अधिकाऱ्याच्या घरात आज परदेशी पाहुणे तातामी चटयांवर मांडी घालून बसतात आणि चहाची यादी चाळतात.

यादी हाती आली की घाई करू नये. चिमुकली मातीची किटली, त्याहून चिमुकले पेले आणि उकळत्या पाण्याचे भांडे समोर येते. पाच-सात ग्रॅम पाने, जेमतेम दीडशे मिलिलिटर पाणी. पहिले पाणी पाने जागी करून ओतून देण्यासाठी. दुसरे काही सेकंदांत गाळायचे, तिसरे किंचित उशिराने. उत्तम उलोंगची पाने सहा-सात वेळा पाणी घेतात आणि प्रत्येक वेळी चव थोडी बदलते. दूध नाही, साखर नाही, आले-वेलची तर नाहीच. आपल्या चहाच्या सवयीला हे पाणचट वाटते खरे; परंतु मसाल्याआड मालाची प्रत झाकली जाते, ती येथे झाकता येत नाही. सोबतच्या खाद्यपदार्थांविषयी मात्र विचारून घ्यावे. तेथील पारंपरिक पीठ-मिठायांत डुकराची चरबी वापरण्याची चाल आहे. चिनी भाषेत शाकाहारासाठी ‘सू’ हा शब्द आहे आणि तेथील बौद्धांच्या कडक शाकाहारात कांदा-लसूणही वर्ज्य असतो, ही आपल्या प्रवाशाच्या उपयोगाची गोष्ट.

तैवानच्या चहागृहांत बहुधा आढळणारे एक नाव म्हणजे ‘ओरिएंटल ब्यूटी’. ते कोणा इंग्लंडच्या राणीने दिले असे विक्रेते सांगतात. ती राणी नेमकी कोणती, यावर त्यांचे एकमत नाही. जुने नाव अधिक प्रामाणिक आहे: ‘पेंगफेंग’ चहा, म्हणजे बढाईखोराचा चहा. सिंचू भागातील एका शेतकऱ्याच्या मळ्यावर कीड पडली. नुकसान थोडे तरी भरून निघावे म्हणून त्याने तीच खराब पाने तोडून चहा केला, शहरात नेला आणि तो चढ्या भावाने विकला गेला. गावी येऊन त्याने ते सांगितले, तर शेजाऱ्यांनी त्याला थापाड्या ठरविले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका बाजूला ठेवली तरी कीड खरी आहे. हिरवा तुडतुडा कोवळ्या पानांतील रस शोषतो. झाड त्याला प्रतिकार म्हणून काही सुगंधी द्रव्ये निर्माण करते आणि त्यांतूनच मध व पिकलेल्या द्राक्षांची आठवण करून देणारा वास येतो. दार्जिलिंगच्या उन्हाळी तोडणीचा नावाजलेला ‘मस्कटेल’ सुगंधही बऱ्याच अंशी अशाच किडीच्या उपद्रवातून येतो. तुडतुडा हवा असेल तर मळ्यात कीटकनाशक फवारता येत नाही, उतारा घटतो आणि भाव चढतो. येथे दुर्मिळतेला दाखविता येण्याजोगे कारण आहे. तथापि तुडतुडा कोवळ्या देठांत अंडीही घालतो. तेव्हा या बाबतीत काटेकोर असणाऱ्या घरांनी यादीतील ही ओळ ओलांडून पुढे जाणे बरे.

पुढच्या ओळीवर तुंगतिंग उलोंग असतो. नानतोऊ परगण्यातील लुकू गावचा हा चहा. तेथील शेतकरी संघ दरवर्षी स्पर्धा भरवितो आणि तीत हजारो नमुने येतात. नमुन्यावरील शेतकऱ्याचे नाव काढून क्रमांक घातला जातो. परीक्षकांपुढे फक्त पांढरे पेले: तीन ग्रॅम पाने, दीडशे मिलिलिटर उकळते पाणी, सर्वांना सारखेच. प्रत ठरली की संघ आपल्या देखरेखीखाली माल सीलबंद करतो आणि प्रतीनुसार भाव मिळतो. वरच्या आणि खालच्या प्रतीच्या भावांत प्रचंड अंतर असते. तरीही शेतकऱ्याचे नाव, घराणे, ओळख यांपैकी काहीही पेल्यात उतरत नाही, ही या व्यवस्थेची ताकद. शाखेत कर्जाचे अर्ज पाहणाऱ्यांनाही अशा क्रमांकित पेल्यांचा मोह पडावा.

यादीच्या तळाशी पु-अर असतो आणि तेथे भाव एकदम उडी मारतो. हा तैवानचा नव्हे, चीनच्या युन्नान प्रांतातील चहा. पाने वाफेवर मऊ करून 357 ग्रॅमच्या वड्यांत दाबतात; सात वड्यांची एक चळत बांबूच्या सालीत बांधतात, म्हणजे अडीच किलोला एक ग्रॅम कमी. अशा बारा चळतींची, सुमारे तीस किलोंची, एक पेटी. कच्चा पु-अर वर्षानुवर्षे मुरत ठेवतात, तसतसा त्याचा तुरटपणा जातो. इतकी वर्षे थांबणे सर्वांना परवडत नाही, म्हणून 1973 साली कुनमिंगच्या कारखान्यात ढिगावर पाणी शिंपडून काही आठवड्यांत पाने आंबविण्याची युक्ती बसविली गेली. तो ‘पक्का’ पु-अर.

जुना माल ओळखायचा कसा? वडीच्या पोटात दाबलेली एक छोटी चिठ्ठी असते. वरचा कागद बदलता येतो, ही सहजासहजी बदलता येत नाही. शिवाय मालाला क्रमांक असतो. ‘7542’ हा त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. पहिले दोन आकडे मिश्रणाची कृती ठरली ते वर्ष, म्हणजे 1975. तिसरा पानांची प्रत. चौथा कारखाना, आणि 2 म्हणजे मेंगहाई. नवखा खरेदीदार 75 वाचून माल 1975 चा समजतो आणि तसे पैसे मोजतो. प्रत्यक्षात त्याच क्रमांकाचा माल पुढे कित्येक वर्षे निघत राहिला. विक्रेता खोटे काही बोललेला नसतो. त्याने ग्राहकाचा गैरसमज फक्त दूर केलेला नसतो.

या चहाला साठेबाजीची चटक लागली ती तैवान आणि हाँगकाँगमध्ये. हाँगकाँगच्या उपाहारगृहांत पु-अर हा रोजचा स्वस्त चहा होता. गुदामांत तो वर्षानुवर्षे पडून राहत असे. 1980 आणि 1990 च्या दशकांत जुन्या गुदामांतील माल बाहेर निघाला आणि तैवानच्या शौकिनांनी तो पिऊन पाहिला. पुढे बातमी चीनभर पसरली. वडीला भाव कालपेक्षा आज जास्त आणि आजपेक्षा उद्या जास्त, असे दिसू लागताच चहाशी संबंध नसलेले लोकही पेट्या घेऊ लागले. किटलीत पडण्यासाठी नव्हे, पुढच्या गिऱ्हाइकाला विकण्यासाठी. 2007 च्या पूर्वार्धात भाव कळसाला पोहोचले. योगायोग असा, की त्याच वर्षी युन्नानमधील सिमाओ शहराचे नाव बदलून पु-अर ठेवण्यात आले. आणि त्याच वर्षी बाजार कोसळला. उसन्या पैशाने पेट्या भरणारे बुडाले. मळ्यांतील पानांचा भावही घसरला.

सीलबंद पेटी एकाच वर्षात पाच हातांतून फिरते, तेव्हा मालाची प्रत पाहणारा कोणीच उरत नाही. चहागृहात ते शक्य नसते. तेथे वडीचा तुकडा फोडला जातो, पाणी पडते आणि कोंदट गुदामातील बुरशीचा वास असला तर पहिल्या घोटाला कळतो. विस्टेरियासारख्या घरांची पत या पेल्यावर उभी आहे, यादीतील वर्षांच्या आकड्यांवर नाही. जुना पु-अर चाखावयाचा असल्यास प्रवाशाने वडी विकत घेण्याआधी एका किटलीपुरता घ्यावा आणि आठव्या पाण्यापर्यंत थांबावे. नकली जुनाट माल तिसऱ्या-चौथ्या पाण्यालाच फिका पडू लागतो, असे जाणकार सांगतात.

2007 साली ज्याला गिऱ्हाईक मिळेना, तो माल सगळाच वाया गेला असे मात्र नाही. दमट पण हवेशीर खोलीत, उन्हापासून आणि वासांपासून दूर ज्यांनी तो राखला, त्यांच्याकडील वड्या आता ‘जुना चहा’ म्हणून याद्यांत दिसू लागल्या आहेत.