सर्दीला बाटली कशाला?

स्पष्टच लिहितो, मेडिकलवाल्या मित्रांना राग आला तर येऊ दे.

हवा बदलली की आपल्याकडे प्रत्येक काउंटरवर एकच संवाद. "दीड वर्षाचं आहे, नाक वाहतंय, काहीतरी द्या." काउंटरवरचा पोरगा (तो फार्मासिस्ट आहे का, हे आपण कधी विचारलंय?) मागे वळतो, सिरप काढतो. चिठ्ठी नाही, बाळाचं वजन विचारणं नाही. "अर्धा चमचा, तीन वेळा." संपलं.

छिंदवाडा विसरलात? 2025च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात कोल्ड्रिफ सिरप घेतलेली वीसहून जास्त लेकरं गेली. किडन्या निकामी झाल्या. त्यातली कित्येक उपचारासाठी आपल्या नागपूरला आणली होती. तपासणीत सिरपमध्ये 48.6 टक्के डायएथिलीन ग्लायकोल निघालं. चालतं किती? 0.1 टक्का. हेच विष 1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधून 14 जणांच्या पोटात गेलं होतं. लेंटिन आयोग बसला, अहवाल आला. चाळीस वर्षांनी पुन्हा तेच.

पण माझा मुद्दा भेसळीपुरता नाही. भेसळ नसती तरी ती बाटली त्या वयाला नकोच होती! क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेलं औषध चार वर्षांखाली देऊ नये, असं केंद्राच्या औषध नियंत्रकांनी 2023 मध्येच सांगितलं होतं. 3 ऑक्टोबर 2025 ला केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा बजावलं: दोन वर्षांखाली सर्दी-खोकल्याचं सिरप लिहूही नका, देऊही नका, पाच वर्षांखालीही सहसा नको. हा कागद आपल्या तालुक्यातल्या किती दुकानांत लावलाय, जाऊन बघा.

मेडिकलवाले म्हणतात, आम्ही नाही दिलं तर शेजारचा देतो. डॉक्टर म्हणतात, औषध न लिहिता पाठवलं तर पालक फी द्यायला कुरकुरतात. दोन्ही खरं असेल. म्हणून लेकरांना पाजायचं?

साधी सर्दी विषाणूची असते, आठ-दहा दिवसांत आपोआप जाते. तोवर दूध पाजण्याआधी आणि झोपवण्याआधी नाकात सलाइनचे थेंब, नाक हलक्या हाताने पुसणं. अंगावरचं दूध जास्त वेळा, मोठ्याला कोमट पेज, वरणाचं पाणी. वर्ष उलटलेल्या मुलाला रात्री खोकल्यासाठी अर्धा चमचा मध चालतो. वर्षाच्या आत मध अजिबात नाही, चाटणातसुद्धा. आणि आजीबाईंनो, माफ करा, पण नाकात तेल नको, बंद खोलीत धुरी नको, बाळाला कापूर नको. उकळत्या पाण्याची वाफ तर नकोच, पातेलं कलंडून पोरं भाजतात.

दवाखाना कधी गाठायचा? बाळ शांत असताना मिनिटभर श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत 60, वर्षापर्यंत 50, पाच वर्षांपर्यंत 40 किंवा त्याहून जास्त भरले, बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, बाळ दूध ओढत नसेल, ओठ निळे दिसत असतील किंवा लघवी कमी झाली असेल, तर रात्र असली तरी निघा. दोन-तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला नुसता ताप असला तरीही.

सोमवारी अकरा वाजता तहसील कार्यालयात निवेदन देतोय. मागण्या दोनच: केंद्राची ती सूचना मराठीत प्रत्येक मेडिकलच्या दर्शनी भागात लागावी, आणि औषध निरीक्षकांनी वर्षभरात आपल्या तालुक्यात किती दुकानं तपासली ते जाहीर करावं. चिठ्ठीशिवाय लहान मुलासाठी सिरप मिळालेलं असेल तर बिल घेऊन या. बिलच दिलं नसेल, तर तेही सांगा.