स्किमरला हात लावू नका!

खाऱ्या पाण्याचा टँक ठेवणाऱ्या दोन माणसांना एकत्र बसवा, दहाव्या मिनिटाला गाडी प्रोटीन स्किमरवर येणारच. "माझा फेसच देत नाही रे", "माझा रात्रीत ओव्हरफ्लो झाला"... आणि दोघांचाही हात कायम त्या व्हॉल्व्हवर! आयटीतल्या मंडळींना हा रोग जरा जास्तच. पॅरामीटर दिसलं की ते बदलल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. माझं मत मात्र साफ आहे: स्किमर ट्यून करणं म्हणजे बराचसा वेळ त्याला हात न लावणं.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डाळ शिजताना वर आलेला फेस आपण पळीने काढून टाकतो ना, तसंच काहीसं. माशांची घाण आणि उरलेलं खाणं यातून प्रथिनं, स्निग्ध पदार्थ पाण्यात उतरतात. यातल्या बऱ्याच रेणूंचं एक टोक पाण्याला धरून असतं आणि दुसरं पाण्यापासून पळतं, त्यामुळे ते हवेच्या बुडबुड्याला जाऊन चिकटतात. स्किमर असे असंख्य बारीक बुडबुडे तयार करतो, फेस नळीतून वर चढतो आणि कपात सांडतो. कपात जमा होणारं चहाच्या रंगाचं पाणी एकदा हुंगून बघा, हे यंत्र कशासाठी आहे ते लगेच कळेल! गोड्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात, खाऱ्या पाण्यात बारीक राहतात. म्हणून हे काम मुख्यतः खाऱ्या पाण्यातच जमतं.

आता सेटअप. बहुतेकांचं लक्ष व्हॉल्व्हवर असतं, पण खरी मेख आहे पाण्याच्या पातळीत. मुख्य टँकच्या खाली जी छोटी टाकी असते तिला संप म्हणतात (कामगारांचा नव्हे!). स्किमर बसतो तो त्यात. बऱ्याच मॉडेल्सना तिथे साधारण ७ ते ९ इंच पाणी लागतं. तुमच्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमध्ये असतो, तो वाचा. पाणी जास्त असेल तर स्किमरखाली स्टँड द्या. आणि ही पातळी हलता कामा नये. बाष्पीभवनाने ती खाली गेली की फेस पडतो. आपण एकदम बादलीभर पाणी ओतलं की कप भरून वाहतो. व्हॉल्व्ह बिचारा तिथेच असतो! म्हणून स्किमर पार्टिशन घालून पातळी स्थिर ठेवलेल्या कप्प्यात ठेवा, आणि उडालेल्या पाण्याच्या जागी आरओचं गोडं पाणी रोज थोडं थोडं घाला.

सुरुवातीला व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवा. नवीन स्किमर पहिले काही दिवस, कधी कधी दोन आठवडेसुद्धा, वेड्यासारखा वागतो. आतल्या प्लॅस्टिकवर जिवाणूंचा पातळ थर बसला की तो शांत होतो. मग व्हॉल्व्ह अगदी थोडा फिरवा, पाण्याची रेघ नळीच्या तळाशी आणा आणि २४ तास थांबा. एका वेळी एकच बदल. प्रॉडक्शन सर्व्हरवर आपण एका दमात चार सेटिंग्ज बदलतो का? मग इथेच का?

माशांना खायला घातल्यावर काही तास फेस पडतो, ते खाण्यातल्या तेलामुळे. लाईट जाऊन आली की कप वाहू शकतो, कारण पंप बंद असताना वरचं पाणी संपमध्ये उतरलेलं असतं. हे बग नाहीत, थोड्या वेळाने आपोआप ठीक होतं. आपलं खरं काम म्हणजे आठवड्यातून एकदा नळी आणि कप पुसणं, आणि हवेच्या नळीत साठलेलं मीठ कोमट पाण्याने धुणं. कंटाळवाणं आहे, पण फेस टिकतो तो यामुळेच.

आता मुद्द्याची गोष्ट. खोक्यावर "५०० लिटरसाठी" असं छापलेलं असतं आणि लोक त्या भरवशावर मासे वाढवत जातात. हा आकडा काढायची कुठलीही सर्वमान्य पद्धत नाही. केन फेल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये काही स्किमर मोजून पाहिले. पाण्यातल्या एकूण सेंद्रिय कार्बनपैकी साधारण २० ते ३५ टक्केच त्यांनी बाहेर काढला. शिवाय स्किमर घाण कुजण्याआधी काढतो, तयार झालेला अमोनिया किंवा नायट्रेट नाही. ते काम खडकांवरचे जिवाणू आणि पाणी बदलणं यांचं. सगळ्यात मोठा स्किमर आणणं हाही उपाय नाही, कारण पाण्यात पुरेसा माल नसेल तर त्याचा फेस टिकतच नाही.

क्लाउनफिश हल्ली हॅचरीत तयार होतात, आपल्याकडेही सीएमएफआरआयने ते करून दाखवलंय. पण खाऱ्या पाण्यातले बाकीचे बहुतेक शोभेचे मासे अजूनही समुद्रातूनच पकडून आणतात. आपला उतावळेपणा त्यांच्या जिवावर बेततो. कप वाहतो म्हणून वैतागून स्किमर बंद केला, तर त्याच्याबरोबर मिळणारी हवाही गेली, आणि कोमट खाऱ्या पाण्यात प्राणवायू आधीच कमी मावतो.

तेव्हा मंडळी, नवीन मासा आणण्याआधी दोन आठवडे फक्त कपाकडे बघा. फेस रोज सारखा येतोय? मग एक मासा आणा. एकच. आणि पुन्हा थांबा.