बेसुरत

"सुरत बेसुरत केली." मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला हे वाक्य माहीत नाही असं होणं कठीण. आमचे मास्तर 'बेसुरत' म्हणताना 'बे'वर असा काही जोर देत, की आम्हा पोरांना टाळ्या वाजवाव्याशा वाटत. गंमत सगळी त्या शब्दाची. सुरत हे एक गाव आहे, तिथे माणसं राहतात, हे कुणाच्या डोक्यात यायचं? आम्हा गोंयकारांना तर सुरत म्हणजे लग्नाच्या साड्या. फार तर मडगावहून वर जाणाऱ्या गाडीतलं एक स्टेशन.

हा शब्द आता पुन्हा आठवायचं कारण माझी भाची. मेहुणीचं सासर नंदुरबारकडचं. नवरा सुरतेत कापडाच्या मिलीत सुपरवायझर, बिऱ्हाड उधन्याला. त्यांच्यासारखी किती खानदेशी कुटुंबं तिथे आहेत, ते उधना-लिंबायत भागात एक फेरी मारली की कळतं. किराणा दुकानात अहिराणी ऐकू येते. महानगरपालिका गुजरातीबरोबर मराठी माध्यमाच्याही प्राथमिक शाळा चालवते. भाची अशाच एका शाळेत शिकली, पुढे गुजराती माध्यमात गेली, आणि आता कॉलेजात इतिहास घेऊन बसली आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तिने रणजित देसाईंची 'श्रीमान योगी' वाचली आणि वाचता वाचता मनात येईल ते एका वहीत लिहीत गेली. आम्ही सुरतेला गेलो तेव्हा तिने ती वही माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, "काका, तुम्ही लिहिता ना, बघा जरा."

वहीची पहिली तीस-चाळीस पानं तुम्ही-आम्ही त्या वयात लिहिली असती तशीच आहेत. अफझलखानाच्या वेळी तिची झोप उडाली, बाजीप्रभूंच्या वेळी रडली. १९६८ साली आलेल्या या कादंबरीची ही ताकद आहे. हजारावर पानांचं ते जाडजूड पुस्तक आजही विशीतल्या मुलीला रात्री दोन वाजेपर्यंत जागं ठेवतं, याला काय म्हणायचं! आणि मग सुरत येते. एवढ्या मोठ्या पुस्तकाच्या मानाने थोडकीच पानं, पण तिथे तिची वही एकदम बदलते. तिने लिहिलंय, की आतापर्यंत मी घोड्यावर होते, इथे खाली उतरले, घरात गेले आणि दार लावून घेतलं. पुढे नुसती नावांची यादी आहे. बुऱ्हाणपुरी भागळ, चौक, किल्ला, मुगलसराय. ती कॉलेजला जाता-येता बघते ती ही ठिकाणं. ज्या मुगलसराईत यात्रेकरू उतरायचे तिथे आज महापालिकेची कचेरी आहे, तिच्या वडिलांची घरपट्टी तिथे जमा होते.

आता थोडा इतिहास, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. शाइस्ताखान तीन वर्षं पुण्यात ठाण मांडून होता. स्वराज्याचा मुलूख त्याने पार तुडवला. एप्रिल १६६३ मध्ये राजांनी लाल महालात शिरून त्याची बोटं तोडली हे सगळ्यांना माहीत आहे, पण बोटांनी खजिना भरत नाही. मोगलांची थैली होती सुरतेच्या बंदरात. तिथली जकात, मक्केला जाणारी जहाजं, देशोदेशीचे सावकार. जानेवारी १६६४ मध्ये राजे शहराबाहेर बुऱ्हाणपूर दरवाजाजवळच्या बागेत उतरले. म्हणजे जो रस्ता शहरातून निघून खानदेशाकडे जातो त्याच्या तोंडाशी. याच तापीकाठच्या वाटेने, फक्त रेल्वेत बसून, भाचीचे आजोबा मिलीत कामाला आले.

मोगल सुभेदार इनायतखान काय करत होता? किल्ल्यात जाऊन बसला. पाचशे शिपायांचा पगार तो सरकारातून उचलत असे, आणि शिपाई मात्र ठेवले नव्हते. (पंचवीस वर्षं सरकारी कचेरीत काढलेल्या माणसाला या गोष्टीचं नवल वाटत नाही. मस्टरवर नाव आणि खुर्ची रिकामी, हा प्रकार मोगलांनी सुरू केला की त्यांच्याही आधीपासून होता, एवढाच प्रश्न.) श्रीमंतांनी किल्लेदाराचे हात ओले करून किल्ल्यात जागा मिळवली. बाकीचे लोक पोरंबाळं घेऊन नावांतून तापीपार पळाले. इंग्रज आणि डच आपापल्या वखारी धरून बसले. इंग्रजांचा प्रमुख जॉर्ज ऑक्झेंडन. जे वखारवाले नव्हते, किल्ल्यात शिरले नव्हते, ज्यांना नाव मिळाली नाही, ते घरात राहिले.

चार दिवस लूट चालली. वीरजी व्होरासारख्या, इंग्रजांनाही कर्ज देणाऱ्या सावकाराचं घर खणून काढलं. हाजी सैद बेगच्या वखारी फोडल्या. आगी लावल्या, शहराचा मोठा भाग जळाला. इनायतखानाने किल्ल्यावरून तोफा डागल्या, त्यांनी मराठ्यांपेक्षा शहराचंच जास्त नुकसान केलं. बोलणी करायला म्हणून त्याने एक वकील पाठवला, त्याने राजांवरच कट्यार चालवली. पहारेकऱ्याने त्याचा हात वरच्या वर उडवला, पण राजे पडले अशी आवई उठली आणि कैद्यांची कत्तल करा अशी ओरड झाली. ती राजांनी थांबवली. थांबवली, पण शिक्षा दिलीच. इंग्रजांच्या नोंदीप्रमाणे चार जणांची शिरं आणि चोवीस जणांचे हात गेले. त्याच राजांनी कॅपुचिन पाद्र्यांच्या मठाला धक्का लावू दिला नाही, आणि दानधर्मासाठी नाव असलेल्या, डचांचा दलाल असलेल्या एका मेलेल्या हिंदू व्यापाऱ्याचं घर सोडून दिलं, असं बर्निएने लिहून ठेवलंय. सगळं एकाच आठवड्यात, एकाच माणसाच्या हुकमाने. ऑक्टोबर १६७० मध्ये मराठे पुन्हा आले, आणि त्यानंतर बरीच वर्षं नुसती हूल उठली तरी सुरतेचा बाजार बंद होत असे.

भाचीने हे सगळं ग्रंथालयात बसून शोधलं. पण तिचं डोकं अडकलं ते नावांपाशी. २००६ च्या पुरात ती तान्ही होती. घर तेव्हा अडाजणला, पाणी पहिल्या मजल्याला लागलेलं. गल्लीत आलेल्या होडीत आधी कोण बसलं, कोण राहिलं, याच्या गोष्टी ती आईकडून ऐकत मोठी झाली. म्हणून तिने वहीत विचारलंय, की १६६४ मध्ये तापीवर नावा किती होत्या? भाडं किती घेतलं? रंगाऱ्यांच्या, विणकरांच्या बायका नावेत बसल्या का? आम्ही आज सुरतेत जे काम करतो तेच काम करणारी ती माणसं.

कादंबरीला हे का विचारता, असं कुणी म्हणेल. देसाईंनी राजांची कादंबरी लिहिली, सुरतेची नव्हे, आणि ती त्यांनी जीव ओतून लिहिली. त्यांच्यावर माझा काही आक्षेप नाही. त्याच पुस्तकाला नरहर कुरुंदकरांची ती दीर्घ प्रस्तावना आहे, राजांना चमत्कारातून बाहेर काढून तपासणारी. आपल्यातले कित्येक वाचक ती ओलांडून थेट कादंबरीवर उडी मारतात ही गोष्ट वेगळी! प्रश्न वाचणाऱ्याचा आहे. युद्धकादंबरी वाचताना आपण उभे कुठे राहतो? बी.ए.ला असताना मी टॉल्स्टॉयची 'वॉर अँड पीस' वाचली. त्यात १८१२ सालचं जळतं मॉस्को आहे, आणि वाचणारा शहरात अडकलेला असतो, कारण लिहिणारा त्या शहराच्या बाजूचा. आपल्याकडे विश्वास पाटलांच्या 'पानिपत'मध्ये आपण उपाशी, अडकलेले, मार खाल्लेले असतो, आणि ते आपल्याला छान वाचता येतं. मार खाल्लेलं वाचण्याची मराठी माणसाला सवय आहे. आपण ज्या गावावर चालून गेलो त्या गावात बसून वाचायची सवय नाही. बंगालमध्ये अजून आया मराठी स्वारांची, 'बर्गीं'ची भीती घालून मुलांना निजवतात. १७४० च्या दशकातल्या स्वाऱ्या त्या. आपल्याला ती अंगाईच ऐकू आलेली नाही.

सुरतेच्या मराठी मुलीला मात्र ही सोय नाही. तिचं आडनाव एका बाजूचं, घराचा पत्ता दुसऱ्या बाजूचा.

शिवजयंतीला त्यांच्या भागातल्या एका मंडळाच्या कार्यक्रमात तिला भाषण करायचं होतं. वहीतलं हेच बोलायचं तिने ठरवलं. मंडळातले एक वडीलधारे घरी आले आणि म्हणाले, "बेटा, जयंतीला हे कशाला?" त्यांची बाजू मी हसण्यावारी नेणार नाही. ते चाळीस वर्षं त्या शहरात आहेत. कारखान्यात कुणाशी वाजलं की 'तुमचा राजा लुटारू' हे त्यांनी ऐकलेलं आहे. आपल्याच पोरीने व्यासपीठावरून लोकांच्या हातात कोलीत द्यावं असं त्यांना का वाटेल? पोट परमुलखात असतं तेव्हा माणूस जपून बोलतो.

पण मला त्यांचं पटलं नाही. शेजारच्या गुजराती घरात ही गोष्ट ठाऊक आहेच. कवी नर्मदने एकोणिसाव्या शतकातच आपल्या सुरतेची हकीकत लिहून ठेवली आहे. हे शहर पूर, आगी, प्लेग सगळं लक्षात ठेवणारं आहे. न बोलून लपतं कुणापासून? फक्त आपल्याच मुलांपासून. मग ती मुलं उद्या कुठल्यातरी फॉरवर्डमधून ते चोवीस हात वाचतात आणि एक तर राजांवरचा विश्वास उडवून बसतात, नाहीतर ते खोटंच आहे म्हणून भांडायला उठतात. भाचीचं तसं झालं नाही. ते आकडे वाचल्यावरही तिच्या खोलीतलं राजांचं चित्र भिंतीवर तसंच आहे. मी मुद्दाम पाहिलं.

आणि आपण गोव्यात बसून सुरतकरांना शहाणपण का शिकवावं? आपली गत वेगळी आहे का? माझं गाव बार्देशात. नार्व्याचं सप्तकोटेश्वराचं देऊळ राजांनी बांधायला घेतलं, नोव्हेंबर १६६८ चा शिलालेख तिथे आहे, हे आमच्या घरात लहानपणापासून सांगितलं गेलं. २०२३ मध्ये सरकारने त्या देवळाचा जीर्णोद्धार पुरा केला तेव्हा आम्ही सहकुटुंब जाऊन आलो. त्याच्या बरोबर एक वर्ष आधी, नोव्हेंबर १६६७ मध्ये, याच राजांच्या फौजेने बार्देशावर स्वारी केली होती. पोर्तुगीज हद्दीत आसरा घेतलेले देसाई तिथून उपद्रव देत होते, हे निमित्त. फौजेने गावं लुटली, पाद्री मारले गेले, माणसं आणि गुरं नेली. डिसेंबरात तह झाला. बार्देशातल्या त्या गावांत तेव्हा जी माणसं होती त्यांतली काही नुकती बाटलेली, काही अजून न बाटलेली, आणि त्यांतलीच काही आमचे पूर्वज असणार. आमच्या घरी यातलं कुणी कधी काही बोललं नाही. देवळाची गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या आली, गुरांची आली नाही. संभाजीराजांची १६८३ ची स्वारी तरी सायबाच्या शवपेटीच्या कथेमुळे आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या तोंडी राहिली, १६६७ ची तेवढीही नाही. हे सगळं छापलेलं आहे, कुणी परक्याने नव्हे, तर आपल्याच डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांनी. पोर्तुगीज दप्तरात आयुष्य घालवून त्यांनी 'पोर्तुगेज-मराठे संबंध' मराठीत लिहिला, कारण वाचणारे आपण होतो. किती जणांनी वाचला?

असो. भाचीला शेवटी बोलू दिलं, सात मिनिटं. वडिलांच्या सांगण्यावरून तिने चोवीस हातांचं वाक्य काढलं, नावांचं मात्र काढायला तयार झाली नाही. कार्यक्रमाचा व्हिडिओ मेहुणीने पाठवला. टाळ्या पडल्या, पण जरा सावकाश, लोक आधी एकमेकांकडे बघत होते. कार्यक्रमानंतर तेच वडीलधारे तिच्यापाशी आले आणि त्यांनी विचारलं, की वीरजी व्होराचं घर नेमकं कुठल्या गल्लीत होतं? ते तिला सांगता आलं नाही. आता दोघं मिळून शोधताहेत. ऑक्झेंडनची कबर कतारगाम दरवाजाजवळ इंग्रजांच्या जुन्या दफनभूमीत आहे, चांगली दुमजली इमारत. सावकाराच्या घराचा पत्ता लागणं अवघड दिसतंय.

परवा तिचा फोन आला. "काका, तुमच्या बार्देशातून लोक पळाले कुठे? नदी ओलांडून की डोंगरात?" पिसुर्लेकरांचा ग्रंथ पणजीच्या सेंट्रल लायब्ररीतून काढून आणला आहे. मुदत संपायच्या आत बार्देशाची पानं तिला उतरवून पाठवायची आहेत.