लाम्ब्रुस्कोला नाकं मुरडणाऱ्यांनो...

हल्ली आपल्यात वाईनचे जाणकार फार झालेत. असू देत बापडे! ग्लासात नाक खुपसून कोणाला ओल्या मातीचा वास येतो, कोणाला चामड्याचा. माझी काही हरकत नाही. पण लाम्ब्रुस्कोचं नाव काढलं की या मंडळींचा चेहरा होतो ना, तो माझ्या डोक्यात जातो. "ते फसफसणारं लाल सरबत? ती काय वाईन आहे?" इति आमच्याच नात्यातला एक जण. (तो हे वाचणार आहे. वाचू दे.)

सरबताचा आरोप अगदीच हवेतला नाही, हे मान्य. रेज्जो एमिलियातल्या 'रिउनीते' या सहकारी संस्थेची गोड लाम्ब्रुस्को १९८० च्या दशकात अमेरिकेत सगळ्यात जास्त खपणारी आयात वाईन होती. लोक ती बर्फ घालून प्यायचे. पण ती अमेरिकन जिभेसाठी केलेली होती. त्यावरून अख्ख्या लाम्ब्रुस्कोला गोड ठरवणं म्हणजे परदेशातल्या हॉटेलातली 'करी' खाऊन आपल्या स्वयंपाकावर निकाल देण्यासारखं आहे.

आणि गंमत ऐका. ही वाईन अमेरिकेत नेणाऱ्या मारियानी बंधूंनी १९७८ मध्ये मोंताल्चिनोत 'कास्तेल्लो बान्फी' उभं केलं. जाणकार ज्या ब्रुनेल्लोपुढे हात जोडतात, ती तिथे बनते. म्हणजे ज्या सरबताला हसायचं, त्याच्याच जिवावर उभ्या राहिलेल्या धंद्याने तुमचं देऊळ बांधलं. असो.

आता मुद्द्याचं. लाम्ब्रुस्को ही एमिलियातली, म्हणजे मोदेना, रेज्जो, पार्मा या भागातली. तिथलं जेवण काय? मोर्ताडेला, प्रोशुत्तो, पार्मेजान चीज, डुकराच्या पायाच्या कातडीत मांस भरून केलेला झाम्पोने. शिवाय न्योक्को फ्रित्तो, आपल्या पुरीसारखा टम्म फुगणारा आणि तोही पारंपरिक पद्धतीने डुकराच्या चरबीत तळलेला! प्रत्येक घासाला जिभेवर तुपकटपणा चढतो. तिथे वाईनमध्ये आंबटपणा हवा आणि बुडबुडे हवेत. एक घोट घेतला की जीभ धुतल्यासारखी होते आणि पुढचा घास पहिल्यासारखा लागतो. जड जेवणावर सोलकढी प्यायलेल्या माणसाला हे वेगळं समजावायला नको. या ताटासोबत बारोलो उघडून बघा. एवढी महागडी बाटली, पण तळलेल्या न्योक्कोपुढे जड आणि तुरट होऊन बसेल.

लाम्ब्रुस्को एकच नाही, हेही या जाणकारांच्या गावी नसतं. सोरबारा फिकट, गुलाबीकडे झुकणारी आणि चांगलीच आंबट. ती प्रोशुत्तोबरोबर, नाहीतर सूपमधल्या तोर्तेल्लीनीबरोबर. ग्रास्पारोस्सा गडद आणि जरा तुरट, ती झाम्पोनेसारख्या जड गोष्टींना पुरून उरते. शेजारच्या मांतोवात तर लोक गरम सूपच्या वाडग्यातच लाम्ब्रुस्को ओततात. सांगा तुमच्या टेस्टिंगच्या सरांना!

"रेड वाईन थंड करायची नसते, रूम टेंपरेचरलाच प्यायची," हे आणखी एक पालुपद. अहो, ती रूम युरोपातल्या थंड घरातली. पुण्यात मे महिन्यात रूम टेंपरेचर म्हणजे ३५ अंश! लाम्ब्रुस्को १२-१४ अंशांना प्यायची असते, सोरबारा त्याहूनही थंड चालते.

मला राग या अज्ञानाचा नाही, त्यामागच्या तुच्छतेचा येतो. एखाद्या मुलखाने आपल्या रोजच्या ताटासाठी पिढ्यान् पिढ्या जपलेली गोष्ट हलकी का? तर ती स्वस्त आहे, पटकन आवडते आणि तिच्यावर भाषण ठोकता येत नाही म्हणून!

तेव्हा बाटलीवर 'सेक्को' लिहिलेलं बघून घ्या, म्हणजे गोड नसलेली मिळेल. 'आमाबिले' आणि 'दोल्चे' या गोड. ती फ्रीजमध्ये ठेवा, काहीतरी चरबीदार मागवा आणि मग या माझ्याशी भांडायला. कॉमेंट्स उघड्या आहेत. :-)