संगणकाला डिस्प्रिन दिसत नाही

परवा एका मावशींनी आम्हाला विचारलं, "काय गं, डॉक्टर हल्ली तोंडाकडे बघतच नाही, सारखा त्या संगणकात. असतं तरी काय त्यात?"

मावशी, त्यात तुमचा 'तीक' असतो. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा तो पुठ्ठ्याचा असे. मुंबईचा केसपेपरच, पण जाडजूड. डॉक्टरांच्या टेबलावर गेला की आम्हा नर्सना मिळायचा नाही, आणि लॅबचा कागद भलत्याच पेटीत. आता डॉक्टर आणि नर्स तोच तीक एकाच वेळी उघडतात. रक्ताचा आकडा लॅबमधून आपोआप तिथे येतो. डॉक्टरांनी गोळी लिहिली की कुपत होलिमच्या फार्मसीत पडद्यावर हजर.

कुमादिन घेणाऱ्यांना याचं मोल कळेल. रक्त पातळ ठेवणारी ही गोळी. बहुतेकांचा आयएनआर २ ते ३ च्या दरम्यान ठेवतात. खाली गेला तर गुठळीची भीती, फार वर गेला तर रक्तस्रावाची. डोस बदलला की तो सगळ्यांना एकच दिसायला हवा. दोन औषधांचं आपसात जमत नसेल तर संगणक लाल इशाराही देतो.

पण कुठल्या औषधांचा? जी त्यात लिहिली आहेत त्यांचा! मुंबईहून भाच्याने आणलेली डिस्प्रिन उशाखाली असते, ती त्याला कुठून दिसणार? डिस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिन. कुमादिनवर ती घेतली तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. नर्सने विचारलं तर उत्तर काय, "ते कुठे औषध, डोकं दुखलं की घेते." हे आम्ही इतक्यांदा ऐकलंय!

नातवंडांनो, आजीच्या फोनवर तोर तुम्ही काढता, हिब्रू रिपोर्ट वाचून दाखवता. शाबास. आता आणखी एक काम करा. आजीचा गोळ्यांचा डबा, कपाट, पर्स, सगळं बघा. प्रत्येक नाव वेष्टनावरून जसंच्या तसं उतरवा, काढे, चूर्णंसुद्धा. कागद नर्सच्या हातात द्या आणि म्हणा, "हे यादीत घाला." आजी रागावेल, रागावू दे. मात्र कुठलीही गोळी तुम्ही बंद करायची नाही, ते डॉक्टर ठरवतील. काहींना दोन्ही मुद्दाम दिलेली असतात.

आणि हो, कागदावर तारीख घाला.