खारपाणपट्ट्यातून त्सो कारला

संस्थेच्या वाटचालीविषयी या स्मरणिकेत अनेक मान्यवर लिहितील. मी एका पायी वाटचालीविषयी लिहितो, कारण तिच्यावरून आम्हा शिक्षकांत वाद झाला आणि तो अजून मिटलेला नाही.

वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मी लडाखमधील रुम्त्से गावापासून त्सो मोरिरी सरोवरापर्यंत पायी गेलो. आठवडाभराची चाल, वाटेत पाच हजार मीटरहून उंच खिंडी. परतल्यावर एक सहकारी म्हणाले, “सर, एवढ्या पैशात वसतिगृहातल्या दोन पोरांचं वर्ष निघालं असतं.”

हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी मागितला होता. तो मी आधी बाजूला काढतो. वाद उरलेल्या एकोणीस हिश्शांचा आहे. त्यातून घर बांधले किंवा मुलीचे लग्न थाटात केले, तर कोणी हिशेब विचारत नाही. डोंगर पाहिला की विचारतात! आपले पूर्वज काही कमी चालले नाहीत. गावकीचा निरोप घेऊन, साहेबाचे सामान डोक्यावर घेऊन ते कोसचे कोस चालले. मात्र कुठे जायचे, हे दुसरा ठरवीत असे. माझ्या घराण्यात स्वतःच्या इच्छेने डोंगर चढणारा बहुधा मीच पहिला. याला चैन म्हणावे, असे मला वाटत नाही.

आणि तिथे मला भेटले काय, तर आपलेच पाणी.

वाटेत सुमारे साडेचार हजार मीटर उंचीवर दोन सरोवरे शेजारी शेजारी आहेत. धाकटे स्टार्त्सापुक त्सो गोडे, थोरले त्सो कार खारे. धाकट्याचे पाणी वाहून थोरल्यात जाते. थोरल्याला बाहेर वाट नाही. पाणी उन्हाने उडते, मीठ काठावर पांढरे साचते. चांगपा पशुपालक पूर्वी हे मीठ गोळा करून धान्याच्या बदल्यात देत. मी बोट बुडवून जिभेला लावले आणि पूर्णाकाठचे आजोळ आठवले.

तेल्हारा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याला गोडे पाणी आहे. दक्षिणेकडे पूर्णेच्या खोऱ्यात उतरले की खारपाणपट्टा लागतो. तिथेही खोल गाळात निचरा नीट होत नाही आणि क्षार साचून राहतात. आजी म्हणायची, “या पान्यात डाय शिजत नाई, बापा.” गावात गोड्या पाण्याची विहीर एकच होती. आजीच्या तरुणपणी आपल्या बाया तिच्यापासून दूर, रिकामी भांडी घेऊन, कोणी वरून पाणी घालील याची वाट पाहत उभ्या राहत. २० मार्च १९२७चा चवदार तळ्याचा सत्याग्रह मी पंचवीस वर्षे वर्गात शिकवला. पण जिथे पाणीच खारे, तिथे गोड्या विहिरीचा मालक किती मोठा सत्ताधीश होतो, हा धडा मी कधी घेतला नव्हता. तो त्या मिठाच्या काठावर बसून सुचला. घरी बसूनही सुचला असता, असे कोणी म्हणेल. पंचवीस वर्षांत सुचला नव्हता, एवढेच माझे उत्तर.

उंचीचा त्रास मात्र कोणी कमी लेखू नये. पहिल्या रात्री डोके असे ठणकले की मी परत फिरायच्या बेतात होतो. लेहमध्ये आधी दोन-तीन दिवस विश्रांती घ्यावीच लागते.

आपल्या विद्यार्थ्यांना लडाखला न्या, असे माझे म्हणणे नाही. नरनाळा जवळ आहे. शहानूरहून गडावर पायी चढता येते आणि वर शक्कर तलाव आहे. वनविभागाची परवानगी काढून येत्या हिवाळ्यात नववीच्या मुलामुलींना तिथे न्यावे, असा प्रस्ताव मी मांडला आहे. “पोरीले डोंगरावर कायले?” असे विचारणाऱ्या पालकांनी मला प्रत्यक्ष भेटावे. तलावाचे बाटलीभर पाणी खाली आणायचे, दुसरी बाटली पूर्णाकाठच्या विहिरीतून भरायची, आणि प्रयोगशाळेत दोन्ही आटवून तळाशी काय उरते ते मुलांनीच पाहायचे. माजी विद्यार्थ्यांकडून मला देणगी नको. चाळीस जोड बूट हवे आहेत.