यंत्र आपले, हुकूम कुणाचा?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’ला नियमित सुरक्षा-सुधारणा पुरविणे थांबविले. ‘विंडोज ११’च्या अटींत न बसणारे कित्येक धडधाकट संगणक त्यामुळे मोडीत निघण्याच्या वाटेवर आहेत. यंत्र आपण कष्टाच्या पैशाने घ्यावे आणि त्याचे आयुष्य कंपनीने ठरवावे, ही मालकी कसली?

पर्याय उपलब्ध आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जाहीर केलेला ‘ग्नू’ प्रकल्प आणि लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेला ‘लिनक्स’चा गाभा यांतून उभी राहिलेली प्रणाली कुणीही वापरावी, तपासावी, बदलावी, वाटावी. या गाभ्याच्या परवान्यातील एक अट मोलाची आहे: सुधारलेली आवृत्ती जो इतरांना देईल, त्याने तिची मूळ संहिताही त्याच अटींवर खुली केली पाहिजे. समाईक धनाला खासगी कुंपण घालण्याची सोय येथे नाही.

केरळच्या सरकारी शाळांनी हा मार्ग केव्हाच स्वीकारला. घरच्या संगणकावर ही प्रणाली पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते. जुनी पुसावी लागत नाही. एखादा प्रिंटर अडेल, सवयीचा प्रोग्रॅम मिळणार नाही, हे खरे. तेवढी गैरसोय सोसून कार्यकर्त्यांनी हा प्रयोग अवश्य करावा. साधनांच्या मालकीचा प्रश्न आता आपल्या मेजावरही येऊन ठेपला आहे.